कोपरापर्यंत हात

परवा पीक पाहणीसाठी एका गावात गेले होते. मी तलाठी. शेतकऱ्यानं नवीन शेततळं केलं होतं, त्याची नोंद करायची होती. कोतवाल टेप धरून उभा, शेतकरी चहाचं बघायला घराकडे गेलेला, आणि मी काय केलं, तर बाही वर सरकवून काठावर बसले आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. तळवा दिसतो का बघितलं. दिसत नव्हता. बरं वाटलं. मान वर केली तर कोतवाल माझ्याकडे काळजीनं बघत होता. बाईंना ऊन लागलं, असं त्याला वाटलं असावं.

"मॅडम, काय पडलं काय पाण्यात?"

"न्हाय वो. सवय हाय."

ही सवय मला खोत सरांनी लावली. त्यांनी मला तीन वर्षं मत्स्य तंत्रज्ञान शिकवलं. त्यातलं एवढंच माझ्याकडे शिल्लक आहे. बाकीचं मी तलाठ्याच्या परीक्षेच्या अभ्यासात विसरले.

आता मुळात कोल्हापुरात मत्स्य तंत्रज्ञान शिकवायचं, हेच धाडस. आमचं गाव मटणाचं. इथं मटण हे जेवण असतं आणि मासा हे तोंडी लावणं. पाहुण्याला नुसता मासा वाढला, तर तो घरी जाऊन सांगतो की जेवायला घातलं नाही. अशा गावात एका कॉलेजच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून, दोन वर्गांएवढं सिमेंटचं तळं होतं आणि त्या तळ्यावर खोत सर होते. सरांच्या स्वतःच्या घरीसुद्धा मासा चालत नसे. काकूंनी दाराबाहेर नळाशी एक बादली आणि एक साबण कायमचा ठेवला होता. कॉलेजातून आल्यावर आधी तिथं हातपाय खंगाळायचे, मग उंबरा ओलांडायचा. "पगार आत येऊ दे, वास नको," असं काकूंचं म्हणणं होतं.

सर बुटके, तालमीत गेलेल्या अंगाचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शर्टाची डावी बाही कडक इस्त्रीची आणि उजवी कायम ओली, त्यामुळे डावीकडून बघितलं तर प्राध्यापक वाटत आणि उजवीकडून गवंडी. खिशात पेनाशेजारी चहाची गाळणी असे. कुठलीही विहीर, डबकं, खाण दिसली की स्कूटर थांबवायची, गाळणीनं पाणी गाळायचं आणि गाळणीत काय राहिलं ते उन्हाकडे धरून बघायचं. लग्नाच्या मांडवातूनही ते असे गायब होत. अक्षता पडून जायच्या आणि सर विहिरीत वाकलेले सापडायचे. मोबाइल त्यांनी तीनदा तळ्यात पाडला होता, म्हणून नंतर त्यांनी तो वापरायचाच सोडून दिला. मुलं त्यांना पाठीमागे 'कोपरे सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

आम्ही सहाजण होतो आणि सहाही अपघातानं. बी.एस्सी.ला बाकीचे विषय भरले होते, खिडकीवरच्या क्लार्कनं "हे आहे, घेणार का?" असं विचारलं आणि आम्ही हो म्हटलं. पहिल्या दिवशी सरांनी वर्गात बसूच दिलं नाही. सगळ्यांना तळ्याच्या काठावर ओळीनं बसवलं आणि म्हणाले, "हात घाला. कोपरापर्यंत. तळवा दिसतोय का सांगा."

मी नवा ड्रेस घातला होता. मी म्हटलं, "सर, मी उद्या घालते."

"उद्या नोकरी लागली तर हात घालायचं ऱ्हाऊन जाईल," सर म्हणाले. मी हात घातला. हिरवं, कोमट, जरासं बुळबुळीत पाणी. कोपर बुडेपर्यंत तळवा नाहीसा झाला होता.

"दिसत न्हाय? झ्याक! म्हंजे पाण्यात जेवण हाय. ज्याचा तळ दिसतोय, त्यात खायला काय न्हाय. वहीत लिवा."

हे त्यांचं एक वाक्य आम्ही तीन वर्षं ऐकलं. पाण्यातली ती हिरवी सूक्ष्म वनस्पती म्हणजे माशांचं रान, ती वाढवायला शेणखत, ती मोजायला कोपर, हे शास्त्र झालं. पण सर ते कशालाही लावत. कॅन्टीनच्या आमटीला लावत, तिथं तर बोटाच्या पहिल्या पेरालाच तळ लागायचा. प्राचार्यांच्या भाषणाला लावत. फार गोड बोलणारा कुणी येऊन गेला की म्हणत, "तळ दिसला मला."

मग त्याच पहिल्या दिवशी त्यांनी दर वर्षीचा प्रश्न विचारला. "माशावर जगणार कोण तुमच्यातलं?"

टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "सर, मी बुधवारी आन् रविवारी." सगळे हसले. सरही हसले, पण ते उत्तराची वाट बघत होते हे दिसत होतं. एकही हात वर आला नाही. आमच्या आधीच्या सगळ्या बॅचेसची हीच कथा होती. खोत सरांचे विद्यार्थी पोलिसात होते, एसटीत होते, बँकेत होते, विमा विकत होते. एकानं तर मटणाचं दुकान काढलं होतं आणि उद्घाटनाला सरांना बोलावलं होतं. सर गेले, नारळ फोडला, पण ते त्यांना फार लागलं. इतकी वर्षं धंदा शिकवला आणि त्या धंद्यात आपला एकही माणूस नाही, हे शल्य त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं. "एक द्या," ते म्हणायचे. "मला डझन नको. एक द्या."

त्या दिवशी तास संपल्यावर भारती उठली. भारती हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातून रोज यायची, बोलायची फार कमी. तिनं हात वर केला नव्हता, पण ती विचारत होती, "सर, खारपड रानात मासा जगतो का?"

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग ओल्या बाहीनं कपाळ पुसलं. "कुणाचं रान?"

"आमचंच. दोन एकर. पांढरं पडलंय."

उसाला पाणी पाजून पाजून तिकडची कितीतरी रानं अशी झाली आहेत. वर मीठ फुटतं, गवतसुद्धा येत नाही. सरांनी त्या दिवशी भारतीला बस चुकेपर्यंत बसवून ठेवलं आणि मग स्वतः स्कूटरवर स्टँडला सोडून आले.

*

सरांबरोबर प्रवास हा एक वेगळाच विषय आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही मत्स्यबीज आणायला गेलो होतो. परत येताना एसटीत सहा विद्यार्थी, एक सर आणि सात पिशव्या. पिशवीत तळाशी थोडं पाणी, त्यात बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणि वरची सगळी जागा ऑक्सिजननं फुगवलेली. प्रत्येकाच्या मांडीवर एक टम्म उशी. कंडक्टर आला आणि सरांपुढे थांबला.

"ह्ये काय वो पावणं?"

"रोहू, कटला, मृगळ."

"किती हायत?"

"पिशवीत पाचशे."

"आन् तिकीट?"

"पाच वर्षांखालची हायत," सर म्हणाले.

सगळी गाडी हसली. कंडक्टरलाही हसावं लागलं. पुढचा तासभर सरांनी त्या गाडीत व्याख्यान दिलं. शेजारच्या म्हातारीनं मासा झोपतो का विचारलं, मागच्या पैलवानानं मासा खाऊन अंग भरतं का विचारलं. ड्रायव्हर तर प्रत्येक गतिरोधकाला गाडी हळू करून मागं ओरडायला लागला, "हायत न्हवं?" आणि गाडीतली माणसं एका सुरात, "हायत, हायत!" स्टँडवर कंडक्टरनं दारात आडवा हात धरून आधी पिशव्या उतरू दिल्या, मग माणसं.

तळ्यावर आल्यावर आम्ही घाईनं पिशव्या सोडायला लागलो, तसे सर ओरडले. "थांबा की! पिशवी हाय तशी पाण्यावर तरंगू द्या. आतलं पाणी आन् भाईरचं पाणी एका तापाचं झालं पायजे. लगीन होऊन आलेल्या पोरीला आल्या आल्या कोण चुलीपुढं बसवतंय काय?"

"बसवत्यात की सर," भारती म्हणाली.

सरांनी हातातली पिशवी पाण्यावर ठेवली. "म्हणून तर दगावत्यात," ते म्हणाले, आणि आम्ही अर्धा तास काठावर बसून राहिलो.

तिसऱ्या वर्षी कॉलेजला तपासणी समिती येणार होती. सर पुतणीच्या लग्नाला दोन दिवस कागलला गेले आणि तेवढ्यात प्राचार्यांनी तळं स्वच्छ करून घेतलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पाणी हिरवं दिसतं, समितीला काय वाटेल, एवढंच. मासे पिंपांत काढले, पाणी उपसलं, तळ घासला, निळा रंग दिला, वर मध्यभागी एक कमळ काढलं आणि बोअरचं पाणी भरून मासे परत सोडले. कमळाची एकेक पाकळी मोजता येत होती.

सर सकाळी आले, तळ्याकडे बघितलं आणि तसेच मागे वळून निघून गेले. आम्हाला वाटलं रजा टाकली. अर्ध्या तासानं ते मागच्या गोठ्यातून शेणाची दोन घमेली घेऊन आले. समितीचे तीन पाहुणे, प्राचार्य, गुच्छ धरलेल्या दोन मुली असं सगळं लटांबर तळ्यापाशी पोचलं, तेव्हा खोत सर गुडघाभर पाण्यात कमळावर उभे राहून शेण कालवत होते.

"खोत, हे काय चाललंय?" प्राचार्यांचा आवाज फाटला.

"स्वयंपाक, सर," सर म्हणाले. "दोन दिवस उपाशी हायत पोरं."

समितीतल्या एक वयस्कर बाई तेवढ्या हसल्या. बाकीच्यांना प्राचार्य चहाकडे घेऊन गेले, त्या मात्र काठावर अर्धा तास थांबल्या आणि जाताना त्यांनीही बाही वर करून हात घालून बघितला. सरांना मेमो मिळाला. खुलासा मागितला होता. सरांनी एका ओळीत लिहून दिला: 'तळ दिसत होता, म्हणून.'

*

कोर्स संपला. पाचजण परीक्षांच्या मागे लागले. मीही कोल्हापुरात सरांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर खोली घेऊन तलाठ्याचा अभ्यास करायला लागले. सर रस्त्यात भेटले की मी पुस्तक पाठीमागे लपवायची. का लपवायची कोण जाणे, सर तर कधी टोचून बोलले नाहीत. भारती एकटीच घरी गेली आणि रानात तळं खोदायचं म्हणून वडिलांशी भांडत बसली.

शेवटी सर तिच्या घरी गेले. साक्षीदार म्हणून मला नेलं. भारतीचे वडील, आप्पा, चांगले उंचेपुरे आणि तोंडानं तिखट. जेवायला अर्थातच मटण होतं. आप्पांनी पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी होऊ दिली. मग म्हणाले, "मास्तर, एक विचारू? तुमचं सोताचं तळं किती एकराचं?"

"न्हाय," सर म्हणाले.

"बरं. मासं विकल्यात कधी बाजारात?"

"न्हाय."

"मग तुमी आमाला पुस्तकातलं सांगायलाय व्हय?"

 सरांनी वाटी खाली ठेवली. कान लाल झाले होते. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच भाकरी मागितली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुमी म्हणताय ते खरं हाय. पर ऊस येत न्हाय, गवत येत न्हाय. त्या रानाचं आनी वाईट काय व्हायचं ऱ्हायलंय?"

"लोक हसत्याल."

"मला तीस वर्षं हसत्यात. मेलो का?"

भारती दारात उभी होती. आमच्याकडे मुलीही मुलग्यांसारखं बोलतात, तशी ती म्हणाली, "आप्पा, मी करतो. बुडालं तर माझं."

आप्पांनी पोरीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "मास्तरास्नी रस्सा वाढा की गं." तो होकार होता.

तळं खोदलं. बोटुकली सोडली, आधी पिशव्या अर्धा तास तरंगवून. सर दर रविवारी जाऊन हात घालून यायचे. आणि आप्पा, जे काल लोक हसतील म्हणत होते, तेच आता येणाऱ्याजाणाऱ्याला काठावर बसवून सांगायला लागले, "हात घाला. कोपरापर्यंत. तळ दिसला तर खायला काय न्हाय, काय समजलासा?" सर हे ऐकून खूश झाले. इथंच घोटाळा झाला.

आप्पा मुळात उसाचा माणूस. उसाला एक पोतं सांगितलं तर दोन टाकायची, शेजाऱ्यापेक्षा आपलं पीक हिरवं दिसलं पाहिजे, ही तिकडची रीत. भारती दोन दिवस मामाकडे गेलेली बघून आप्पांनी तळ्याला उसाच्या मोठ्या भरणीएवढा खताचा डोस दिला. युरिया, शेणखत, सगळं. पाणी हिरवं म्हणजे जेवण, तर जास्त हिरवं म्हणजे मेजवानी, असा सरळ हिशेब. पुढचा रविवार यायच्या आत पाणी दाट झालं. त्यात तीन दिवस आभाळ आलं, ऊन नाही. त्या सगळ्या हिरव्याईनं रात्रभर पाण्यातला ऑक्सिजन ओढून संपवला.

सकाळी सहाला मला भारतीचा फोन. "सरास्नी सांग. सगळं मासं वर आल्यात. तोंडं उघडून आ आ करायल्यात." मी पळत सरांच्या घरी गेले. सर दात घासत होते. बनियनवरच स्कूटरला किक मारली, मी मागे बसले. हातकणंगल्यापर्यंत तोंडातला फेस पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

 हजारो तोंडं पाण्याच्या वर. सरांनी हात घातला. मनगट बुडायच्या आधी तळवा नाहीसा झाला.

"मोटार सोडा! हिरीचं पाणी वरनं पडू द्या!"

"लाइट आठला येतीय," आप्पा म्हणाले.

"मग पाणी बडवा!"

आणि सगळे तळ्यात उतरले. सर, भारती, आप्पा, भारतीची आई, शेजारची दोन माणसं, मी. कुणाकडे घमेलं, कुणाकडे फांदी, कुणाकडे नुसते हात. पाणी उचलायचं, वरून आपटायचं, हवा मिसळली पाहिजे. तासभर आम्ही त्या तळ्याला मारत होतो. येणारेजाणारे बांधावर थांबून बघायचे. माझे हात खांद्यातून निखळायला आले होते. सर मात्र एक घमेलं घेऊन मध्यभागी उभे होते आणि प्रत्येक घमेल्याला शिवी हासडत होते. एवढ्या शिव्या त्यांना येतात हे मला माहीत नव्हतं.

आठला लाइट आली, मोटार सुरू झाली, विहिरीचं पाणी धबाधबा पडायला लागलं. हळूहळू तोंडं खाली गेली. निम्मे मासे वाचले. निम्मे पांढरी पोटं वर करून काठाला लागले.

आप्पा चिखलातच बसले आणि सरांवर उखडले. "तुमीच सांगितलं न्हवं, हिरवं पायजे म्हणून!"

सर छातीभर पाण्यात उभे होते. मला वाटलं आता सर युरियाचं काढतील, सुनावतील. ते म्हणाले, "व्हय. मीच सांगितलं. किती हिरवं, ते सांगायचं ऱ्हायलं. माझ्या सिमेंटच्या तळ्यात युरिया घालणारं कोण न्हवतं, म्हणून मला बी ठावं न्हवतं. चूक माझी."

"मुरूम टाकून बुजवतो हे," आप्पा म्हणाले.

"पयल्या साली ऊस वाळलावता, तवा रान विकलंसा का?" भारती मेलेले मासे बुट्टीत भरता भरता म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. आप्पा उठले आणि दुसरी बुट्टी घेऊन आले.

 परत येताना स्कूटरवर, हेर्ल्याच्या पुढे आल्यावर सर म्हणाले, "त्यानं त्या दिवशी बरोबर विचारलं हुतं बघ. माझं तळं न्हाय." मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी पुढच्या आठवड्यातल्या परीक्षेचा विचार करत होते. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

त्यानंतरच्या बॅचला सरांचं वाक्य बदलून मिळालं. "कोपराला तळवा गेला तर बरं. मनगटाला गेला तर पळा." आणि त्यापुढे, आवाज खाली आणून, "हे मला एका बापानं शिकवलं."

*

मी सरांना शेवटचं बघितलं, ते त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. त्यानंतर माझी बदली लांबच्या डोंगराळ गावांवर झाली आणि सरांनी मोबाइल काही पुन्हा घेतला नाही.

मे महिना. हॉल खच्चून भरलेला. बत्तीस वर्षांतले सगळे विद्यार्थी. शाल, श्रीफळ आणि डोक्यावर भला मोठा भगवा फेटा. सर मुळात बुटके, त्यामुळे फेट्याखाली सर शोधावे लागत होते. सर 'आमच्या परिवाराचे आधारस्तंभ' आहेत असं प्राचार्य पाऊण तास सांगत होते. सर मला पहिल्या रांगेत बघून पुटपुटले, "तळ दिसायलाय."

मग सर माइकवर आले. भाषण त्यांना येत नव्हतं, त्यांनी वर्गच घेतला.

"पोलिसात किती? हात वर करा." बरेच हात वर झाले.

"बँकेत? एसटीत? मास्तरकीत?" हात वर झाले. "तलाठी?" मी हात वर केला. 

"आता माशावर जगणारं?"

एकही हात नाही. मी मागं वळून भारतीला शोधलं. नव्हती.  आजच्या दिवशी तरी यायचं होतं तिनं, असं वाटून मला तिचा संताप आला. बत्तीस वर्षांत मिळालेला एक, आणि तोही गैरहजर.

सर हसायला लागले. फेटा हलेपर्यंत हसले. "न्हाय आली! कशी येईल? आज तिचं जाळं हाय. सांजच्याला इचलकरंजीची गाडी येणार, बर्फ आणायला पळत असंल. आली असती तर मी नापास झालो असतो." आणि हात जोडून ते खाली उतरले. जेवणाची पंगत बसायची होती. सर गर्दीतून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तलाठीबाई, गाडी हाय?"

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. तळ्याच्या एका टोकाला जाळं लावलं होतं, दोन्ही बाजूंना माणसं दोरीला. भारती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडत होती, "तळाला दाबून धरा, खालनं जात्यात!" तिनं आम्हाला बघितलं, पण हातातलं काम सोडलं नाही. सरांनी शाल माझ्याकडे फेकली, पँट दुमडायचीही तसदी घेतली नाही आणि पाण्यात शिरले. बुटक्या माणसाला ते पाणी लवकरच गळ्याशी आलं. थोड्या वेळानं तळ्यावर नुसता एक भगवा फेटा सरकत होता.

जाळं आवळत आलं तसं पाणी उकळायला लागलं. हातभर लांब रोहू उड्या मारत होते, एकानं सरांच्या फेट्यावर शेपटी मारली. आप्पा काठावरून हसत होते. इचलकरंजीचा व्यापारी बर्फाच्या पेट्यांपाशी उभा होता, तो फेट्याकडे बघून आप्पांना म्हणाला, "ह्ये कोण वो? नवरदेव हायत काय?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण सरांनी ऐकलं होतं. ते दोरीला लटकत काठाकडे येत होते. व्यापाऱ्यानं वाकून त्यांनाच विचारलं, "पावणं, किती साल हाय ह्या धंद्यात?"

"आजच लागलोय कामाला," सर म्हणाले. "बत्तीस वर्षं नुसता अभ्यास केला."

आप्पा हसायचे थांबले. ते धोतर खोचून पाण्यात उतरले, सरांच्या मागं जाऊन उभे राहिले आणि दोरीचं मागचं टोक त्यांनी धरलं. "दाबून धरा, मास्तर," ते म्हणाले. "खालनं जात्यात."